लिनक्सवरून फॅक्स: आधी लाइन, मग यंत्र, शेवटी सॉफ्टवेअर

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळील एका मासळी निर्यात कार्यालयातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कार्यालयातील सर्व संगणक उबुंटू या लिनक्सवर चालतात. जपानमधील खरेदीदार पॅकिंग लिस्ट आणि दरपत्रक आजही फॅक्सनेच मागतो. कार्यालयात एचपीचे ऑल-इन-वन यंत्र आहे आणि कपाटात एक जुना फॅक्स मोडेमही (संगणकाला टेलिफोनच्या लाइनशी जोडणारा डबा) पडून आहे. टेलिफोनची तांब्याची लाइन जाऊन आता फायबर आले आहे. पूर्वी व्यवस्थित जाणारे फॅक्स आता अर्ध्यावर तुटतात, तर लिनक्ससाठी कोणते सॉफ्टवेअर बसवावे, असे विचारले आहे.

सॉफ्टवेअरचे उत्तर मी देणारच आहे, परंतु ते शेवटी देईन. फॅक्स अर्ध्यावर तुटतो तेव्हा बहुतेक वेळा दोष लाइनकडे असतो, त्याखालोखाल मोडेमच्या जातीकडे, आणि सॉफ्टवेअरचा क्रम त्यानंतर लागतो. लिनक्सवर नवीन असलेली मंडळी नेमकी उलट्या क्रमाने शोध घेतात, एकामागून एक पॅकेज बसवत राहतात आणि शेवटी लिनक्सवर फॅक्स चालत नाही असे म्हणून मोकळी होतात, म्हणून हा क्रम आधीच सांगून ठेवतो.

फॅक्स म्हणजे फाइल पाठवणे नव्हे, तर दोन यंत्रांनी टेलिफोनवर आवाजाने केलेले संभाषण आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. पाठवणारे यंत्र नंबर लावल्यावर दर तीन सेकंदांनी अर्धा सेकंद ११०० हर्ट्झचा बीप देते. पलीकडचे यंत्र फोन उचलून २१०० हर्ट्झचा सलग सूर देते. त्यानंतर सेकंदाला ३०० बिट इतक्या संथ गतीने दोघे आपापली क्षमता एकमेकांना सांगतात: कागदाची रुंदी किती, बारकावा किती, वेग किती. मग पाठवणारे यंत्र ठरलेल्या वेगाने दीड सेकंद नुसती शून्ये पाठवून लाइनची परीक्षा घेते. ती परीक्षा बिघडली तर वेग १४,४०० वरून १२,०००, ९,६०० असा उतरत जातो, आणि उत्तीर्ण झाली तरच पानाचा मजकूर निघतो. मोडेमचा स्पीकर चालू ठेवून हे सर्व एकदा कानांनी ऐकावे. परीक्षेचा खरखरीत आवाज पुन्हा पुन्हा येत असेल तर वेग उतरतो आहे, आणि पान सुरू झाल्यावर मध्येच शांतता पसरली तर जोडणी तुटली आहे, हे सॉफ्टवेअरची नोंद वाचण्याआधीच कळते.

आता लाइनकडे वळू. ज्यांच्याकडे अजून तांब्याची लाइन आहे, त्यांनी साधा टेलिफोन लावून डायल टोन आल्यावर एखादा अंक दाबावा, टोन थांबेल, आणि त्या शांततेत काय ऐकू येते ते लक्ष देऊन ऐकावे. निव्वळ शांतता असेल तर उत्तम. सुंई असा आवाज, चरचर किंवा वीजवाहिनीची घरघर ऐकू आली तर बोलण्यासाठी ती लाइन चालेल, फॅक्ससाठी चालणार नाही. किनाऱ्यावर ही चरचर बहुधा आपल्याच भिंतीवरच्या टेलिफोनच्या सॉकेटमध्ये जन्मते. खाऱ्या हवेने पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो, पावसाळ्यात त्यात ओल शिरते, आणि मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की तक्रारी सुरू होतात. सॉकेट उघडून पाहावे, हिरवे दिसले तर साफ करत न बसता सरळ बदलावे, आणि खांबावरून घरात येणाऱ्या वायरीला मध्ये जोड असेल तर लाइनमनला सांगून अखंड वायर ओढून घ्यावी. त्याच लाइनवर जुने ब्रॉडबँड असेल तर फॅक्सचे यंत्र फिल्टरच्या फोन लिहिलेल्या तोंडालाच जोडलेले आहे ना, हेही पाहावे.

विजेबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती आपल्या भागात टाळता येत नाही. वैशाखातल्या वळिवात आणि पुन्हा परतीच्या पावसात टेलिफोनच्या तारेतून आलेला झटका मोडेम जाळतो आणि यूएसबीतून थेट संगणकाच्या मदरबोर्डपर्यंत पोहोचू शकतो. लाइनला सर्ज प्रोटेक्टर अवश्य लावावा, पण तो अर्थिंगइतकाच चांगला असतो, आणि जांभ्याच्या कातळात खणलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडून जवळजवळ निकामी होतो. त्यात पाणी घालत राहावे लागते. ढग गडगडू लागले की टेलिफोनची पिन काढून ठेवणे हा उपाय साधा आहे आणि मी तो सर्वांत वर मानतो.

आपल्याकडे मात्र फायबर आले आहे, आणि माझ्या मते आपल्या तक्रारीचे मूळ तिथेच आहे. फायबरच्या डब्याला मागे टेलिफोनचे तोंड असते म्हणून ती जुनीच लाइन असल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात तो डबा आवाजाचे लहान लहान तुकडे करून इंटरनेटच्या पद्धतीने पुढे पाठवतो. असा एक तुकडा सामान्यतः २० मिलिसेकंदांचा असतो. बोलताना तो हरवला तर कानाला कळतही नाही, पण १४,४०० च्या वेगाने चाललेल्या फॅक्समध्ये तेवढ्या वेळात २८८ बिट जातात, म्हणजे पानावरच्या काही ओळी गेल्या. त्यातून आवाज दाबून पाठवणारा जी.७२९ सारखा कोडेक, म्हणजे आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याची पद्धत, लावलेला असेल तर फॅक्स जाणारच नाही, कारण तो कोडेक माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेला आहे आणि मोडेमचे सूर त्यात टिकत नाहीत. म्हणून सेवा देणाऱ्याला दोनच गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: या फोनवर आवाज फारसा न दाबणारा जी.७११ कोडेक आहे का, आणि टी.३८ चालू करून मिळेल का. टी.३८ हे फॅक्स इंटरनेटवरून नेण्यासाठीच केलेले मानक आहे. त्यात सुरांऐवजी फॅक्सचा मजकूरच पुढे जातो. मात्र ते आपल्या डब्यापासून पलीकडच्या टोकापर्यंत मध्ये बसलेल्या सर्वांनी पाळावे लागते, आणि परदेशी कॉलमध्ये ते कुठे तुटेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

तोपर्यंत आपल्या हाती असलेला उपाय म्हणजे वेग कमी करणे. ऑल-इन-वनच्या फॅक्स सेटिंगमध्ये वेग जलद ऐवजी मध्यम किंवा मंद ठेवावा. ३३,६०० चा सुपर जी-३ वेग फायबरवर अजिबात वापरू नये. एरर करेक्शन चालू ठेवावे. त्यात पलीकडचे यंत्र बिघडलेले तुकडे नेमके ओळखून तेवढेच पुन्हा मागवते, त्यामुळे पानाला वेळ जास्त लागतो परंतु ओळी गळत नाहीत. लाइन फारच वाईट असेल तर पुन्हा पुन्हा मागवण्यातच कॉल तुटतो, आणि अशा वेळी ते बंद करून पाहणे योग्य ठरते. पण आधी वेग उतरवावा, मग ते करावे.

यंत्राबाबत माझा सल्ला असा की, जे हातात आहे त्यापासून सुरुवात करावी. एचपीच्या यंत्रांसाठी लिनक्सवर एचपीएलआयपी हा कंपनीचाच संच आहे, तो उबुंटूमध्ये बहुधा आधीपासून असतो, आणि खिडक्यांसह वापरायचा तर एचपीएलआयपी-जीयूआय हे पॅकेज वेगळे घ्यावे लागते. आपल्या मॉडेलसमोर फॅक्सची सोय लिहिलेली आहे ना, हे एचपीएलआयपीच्या यादीत पाहावे, कारण छपाई चालणाऱ्या प्रत्येक यंत्राचा फॅक्स संगणकावरून चालतोच असे नाही. एचपी-सेटअप चालवल्यावर तो एकाच यंत्रासाठी दोन रांगा तयार करतो, एक छपाईची आणि दुसरी नावाच्या शेवटी फॅक्स असलेली. लिब्रेऑफिसमधून या दुसऱ्या रांगेवर छापायला दिले की नंबर विचारणारी खिडकी उघडते. ती उघडली नाही, तर एचपीचे छोटे चिन्ह पडद्याच्या कडेला चालू नाही असे समजावे. ते सुरू करावे, किंवा सरळ एचपी-सेंडफॅक्स उघडून त्यात पीडीएफ द्यावी. मी स्वतः दुसरा मार्ग पसंत करतो, कारण त्यात कोणती फाइल कोणत्या नंबरला जात आहे हे एकाच ठिकाणी समोर दिसते.

या मार्गात दोन ठिकाणी लोक अडकतात. काही मॉडेलना एचपीचे बंदिस्त प्लगइन लागते, आणि त्याची आवृत्ती एचपीएलआयपीच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. उबुंटू अद्ययावत झाल्यावर कालपर्यंत चालणारे यंत्र आज बंद पडले, तर एचपी-प्लगइन पुन्हा चालवावे. दुसरी अडचण आपल्याकडची खास आहे. यंत्र नेटवर्कवर असेल तर फॅक्सच्या रांगेत त्याचा आयपी पत्ता लिहिलेला असतो. वीज जाऊन आली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्याने यंत्राला वेगळा पत्ता दिला, की रांगेतील कामे निमूटपणे अडकून पडतात. राउटरमध्ये त्या यंत्रासाठी पत्ता कायमचा राखून ठेवावा. वीज वारंवार जाणाऱ्या गावात हे पहिल्याच दिवशी करावे.

यंत्राच्या मागे टेलिफोनसाठी दोन तोंडे असतात. भिंतीकडून किंवा फायबरच्या डब्याकडून येणारी वायर १-लाइन लिहिलेल्या तोंडातच गेली पाहिजे. २-एक्स्ट हे बाजूच्या टेलिफोनसाठी आहे. एचपीच्या यंत्रात फॅक्स टेस्ट नावाची तपासणी असते. ती हार्डवेअर, वायर, तोंड, डायल टोन आणि लाइनची स्थिती क्रमाने पाहून कागदावर अहवाल देते. संगणकाला हात लावण्याआधी ही तपासणी करावी. त्यात डायल टोन नाही असे आले तर लिनक्सचा काही संबंध नाही हे तिथेच सिद्ध होते.

ब्रदरच्या यंत्रांसाठी कंपनी लिनक्सचा पीसी-फॅक्स ड्रायव्हर वेगळा देते, तो छपाईच्या ड्रायव्हरखेरीज बसवावा लागतो. नवीन यंत्रांपैकी काहींत आयपीपी फॅक्स आउट हे मानक असते आणि कप्स-फिल्टर्स या लिनक्सच्या छपाई-यंत्रणेतील संचाच्या १.२८ पासूनच्या आवृत्त्या त्याला ड्रायव्हरशिवाय ओळखू शकतात. इतर यंत्र विकत घेणार असाल, तर खोक्यावर नुसते लिनक्स लिहिलेले पाहून घेऊ नये. त्याचा अर्थ बहुधा छपाई आणि फार तर स्कॅनिंग एवढाच असतो.

मग मोडेम कशासाठी? रोज अनेक फॅक्स जात असतील, एकाच लाइनवर अनेक संगणकांवरून फॅक्स पाठवायचे असतील, प्रत्येक प्रयत्नाची नोंद हवी असेल, तर बाहेरचा मोडेम ऑल-इन-वनपेक्षा निश्चित सरस आहे. ऑल-इन-वनमध्ये काय बिघडले याचे उत्तर एका ओळीत मिळते. मोडेमच्या नोंदीत दोन्ही यंत्रांचा संवाद पायरीपायरीने दिसतो. पण मोडेम खरा हवा. जुन्या संगणकांत आतून बसवलेली अनेक कार्डे आपले बहुतेक काम विंडोजच्या ड्रायव्हरवर सोपवत, त्यांना विनमोडेम म्हणत. त्यांच्यामागे आज वेळ घालवू नये. आपल्या कपाटातला मोडेम सीरियल केबलचा असेल तर तो सोन्यासारखा आहे, यूएसबी-टू-सीरियल जोडणीने तो आजही चालेल. यूएसबीचा असेल तर तो लावून कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, नोंद पाहावी: टीटीवाय-एसीएम-० असे नाव दिसले तर लिनक्सने त्याला कोणत्याही खास ड्रायव्हरशिवाय ओळखले आहे. यूएस रोबोटिक्सचा ५६३७ हा यूएसबी मोडेम अशाच पद्धतीने ओळखला जातो.

त्यानंतर मिनीकॉमसारख्या प्रोग्रॅमने मोडेमशी बोलून एटी+एफक्लास=? अशी आज्ञा द्यावी. उत्तरात ० एवढेच आले तर तो फॅक्सचा मोडेम नाही. १ आले तर फॅक्सच्या संवादाचा सगळा ताबा संगणकातील सॉफ्टवेअरकडे राहतो, २ किंवा २.० आले तर तो बराचसा मोडेमच्या आतील चिपकडे जातो. दोन्ही असतील तर मी १ निवडतो, कारण चिपमध्ये चूक असेल तर ती आपल्याला सुधारता येत नाही आणि सॉफ्टवेअरची सुधारता येते. फायबरच्या डब्याचा किंवा कार्यालयातील ईपीएबीएक्सचा (अंतर्गत टेलिफोन यंत्रणेचा) डायल टोन मोडेमला ओळखू येत नसेल, तर एटीएक्स३ ही आज्ञा दिल्यावर तो टोनची वाट न पाहता नंबर लावतो. बाहेरची लाइन घेण्यासाठी आधी ० दाबावा लागत असेल तर त्यानंतर स्वल्पविराम द्यावा. बहुतेक मोडेम त्यावर दोन सेकंद थांबतात.

मोडेम दिसतो पण सॉफ्टवेअरला उघडता येत नाही, याची उबुंटूवर दोन कारणे असतात. आपले खाते मोडेम वापरण्याची परवानगी देणाऱ्या डायलआउट गटात नसते, किंवा मोडेम-मॅनेजर हा प्रोग्रॅम तोच मोडेम इंटरनेटचा डोंगल समजून धरून बसतो. तो बंद करावा असे सर्वत्र सांगितले जाते. परंतु आपल्याकडे फायबर तुटल्यावर डोंगलवर काम चालवणारी कार्यालये पुष्कळ आहेत, त्यांनी तो बंद न करता यूडेव्हच्या (जोडलेली उपकरणे ओळखणाऱ्या लिनक्सच्या भागाच्या) नियमात त्या एका मोडेमपुरते दुर्लक्ष करण्याची सूचना लिहावी. त्याच नियमात मोडेमला कायमचे नाव देऊन ठेवावे, म्हणजे डोंगल आधी लागला तरी क्रमांकांची अदलाबदल होणार नाही.

आता सॉफ्टवेअर. आठवड्यातून चार-दोन फॅक्स जात असतील तर ईफॅक्स पुरेसा आहे आणि ईफॅक्स-जीटीके ही त्याची खिडकी कोणालाही दहा मिनिटांत समजते. त्याच्या सेटिंगमध्ये आपला नंबर, नाव आणि कागद ए-४ एवढे आवर्जून भरावे. त्याची उणीव एकच पण मोठी: त्यात एरर करेक्शन नाही. आपल्या फायबरच्या लाइनवर म्हणूनच मी तो सुचवणार नाही.

आपल्यासारख्या निर्यात कार्यालयाला हायलाफॅक्स योग्य आहे. सॅम लेफलर यांनी सुरू केलेली ही प्रणाली जुनी असली तरी भक्कम आहे, आणि हायलाफॅक्स-प्लस ही तिची शाखा पुढे वाढवली गेली आहे. मोडेम एका संगणकाला जोडायचा, तिथे सर्व्हर चालवायचा, आणि बाकीच्या संगणकांनी ४५५९ या पोर्टवरून त्याला काम द्यायचे, अशी तिची रचना आहे. फॅक्ससेटअप आणि फॅक्सअ‍ॅडमोडेम हे दोन प्रोग्रॅम प्रश्न विचारत सेटिंग भरून घेतात. मूळ उत्तरे अमेरिकेची असतात, ती तशीच ठेवून एंटर दाबत जाऊ नये. देशाचा कोड ९१, रत्नागिरीसाठी एरिया कोड पुढच्या शून्याशिवाय २३५२, बाहेरगावासाठी आधी ०, परदेशासाठी आधी ००, असे भरावे. हे बरोबर असेल तर जपानचा नंबर +८१ ने लिहिला तरी प्रणाली तो योग्य प्रकारे लावते. लाइनवर आयएसडी सुरू आहे ना, हे आधी त्याच फोनवरून बोलून पाहावे.

कागदाकडे लोक फार कमी लक्ष देतात. फॅक्सचे पान आडवे १७२८ ठिपके असते आणि साध्या बारकाव्यात इंचाला फक्त ९८ ओळी असतात. म्हणजे १२ पॉइंटच्या अक्षराच्या उंचीला जेमतेम १६ ओळी मिळतात. इंग्रजी अक्षरे त्यात निभावून नेतात, पण देवनागरीत शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. अनुस्वाराच्या वाट्याला एखाद-दुसरी ओळ येते आणि लाइनच्या एका चरचरीत तो नाहीसा होतो. मराठी पत्र मंत्रालयाला किंवा बँकेला पाठवायचे असेल तर फाइन बारकावा निवडावा, त्यात १९६ ओळी असतात, आणि अक्षर १४ पॉइंटचे जाड ठेवावे. दरपत्रकातील आकड्यांनाही हेच लागू आहे, कारण पुसटलेला ३ आणि ८ यांतील फरक खरेदीदाराला दिसत नाही.

दुसरे म्हणजे लेटरहेडवरची छटा. फॅक्समध्ये काळा आणि पांढरा असे दोनच रंग असतात, आणि सलग पांढरे वा सलग काळे पट्टे मोजून मजकूर आकसवला जातो. करड्या छटेचे बारीक ठिपके झाले की हा हिशेब कोसळतो. फाइन बारकाव्यात ए-४ पान न आकसता पाठवले तर सुमारे ३९ लाख बिट होतात. ९,६०० च्या वेगाने त्याला सुमारे सात मिनिटे लागतील, तर स्वच्छ मजकुराचे पान मिनिटाच्या आसपास जाते. फायबरवर कॉल जितका लांबेल तितकी तुटण्याची शक्यता वाढते. फॅक्ससाठी बोधचिन्ह नसलेले, निव्वळ काळ्या अक्षरांचे लेटरहेड वेगळे करून ठेवावे, आणि निळ्या शाईचा शिक्का असलेला कागद स्कॅन करताना छटांऐवजी थेट काळा-पांढरा निवडून शिक्का वाचता येतो ना ते पडद्यावर पाहावे.

फॅक्स गेला असे प्रणाली कधी म्हणते, हे निर्यातीच्या व्यवहारात नीट माहीत असले पाहिजे. प्रत्येक पानानंतर पलीकडचे यंत्र पान मिळाल्याची खूण पाठवते, त्यावर हा अहवाल आधारलेला असतो. एरर करेक्शन चालू असेल तर पान अचूक पोहोचले असा त्याचा अर्थ होतो. बंद असेल तर पान चालण्याजोगे पोहोचले, एवढाच. कागद कोणाच्या हाती पडला, हे त्यातून कळत नाही. दराचा फॅक्स असेल तर मागोमाग ईमेलने एका ओळीत पाने किती ते कळवावे.

जपानची वेळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. आपले कार्यालय साडेनऊला उघडते तेव्हा टोकियोत दुपारचा एक वाजलेला असतो, आणि आपल्या अडीचला तिथे संध्याकाळचे सहा. हायलाफॅक्स लावलेला नंबर व्यस्त असेल तर आपोआप पुन्हा लावत राहतो, पण मूळ सेटिंगप्रमाणे तीन तासांनंतर ते काम सोडून देतो. सकाळी दिलेला फॅक्स दुपारी नापास झाला असे कळेपर्यंत तिकडचे कार्यालय बंद होण्याची वेळ येते. म्हणून काम देताना पूर्ण झाल्याची आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाची सूचना ईमेलने मागवण्याचे पर्याय द्यावेत, आणि महत्त्वाचे दरपत्रक आदल्या संध्याकाळीच रांगेत टाकून पाठवण्याची वेळ पहाटे साडेपाचची ठरवावी, म्हणजे ते टोकियोत नऊ वाजता पोहोचेल आणि फसले तरी आपल्याला पूर्ण सकाळ हाताशी राहील. त्या वेळी सर्व्हर, मोडेम आणि फायबरचा डबा हे तिन्ही यूपीएसवर असले पाहिजेत. नुसता संगणक यूपीएसवर ठेवून डबा सोडला तर वीज गेल्याबरोबर टेलिफोनही जातो.